दणक्याआधीचा खंड

या आठवड्यात आमच्या फीडरला शेतीची लाइट रात्री साडेबाराला. गव्हाला पाणी द्यायचं होतं, म्हणून मी आणि भाचा अकरालाच विहिरीवरच्या पत्र्याच्या खोलीत जाऊन बसलो. औसा तालुक्यातली डिसेंबरची थंडी, बाहेर मिट्ट काळोख, आणि हा पठ्ठ्या मोबाइलवर भुताच्या सिनेमांचे ट्रेलर लावून बसलेला. एका ठिकाणी मी चांगलाच दचकलो.

"मामा, तुमी तर आदीच डोळे झाकलाव की! भूत दिसलं तरी का तुमाला?"

नव्हतं दिसलं. पण त्यात माझा भित्रेपणा कमी आणि शरीराची रचना जास्त. अचानक मोठा आवाज झाला की ३० ते ५० मिलिसेकंदांत पापणी मिटायला लागते. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमने चालतो, म्हणजे एक फ्रेम साधारण ४२ मिलिसेकंदांची. भुताच्या चेहऱ्याची पहिली फ्रेम सरते न सरते तोच डोळे मिटायला निघालेले असतात. ही वाट फार आखूड आहे: कानातून मेंदूच्या देठाकडे, तिथून थेट पापण्या, मान आणि खांद्यांच्या स्नायूंकडे. 'अरे, हा मोबाइल आहे' असं समजावणारा मेंदूचा शहाणा भाग या वाटेत लागतच नाही.

चार्ल्स डार्विनने हे स्वतःवर करून पाहिलं होतं. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात एका विषारी सापाच्या पेटीच्या जाड काचेजवळ त्याने तोंड नेलं. काहीही झालं तरी मागे सरायचं नाही, हा पक्का निश्चय. साप झेपावला आणि निश्चय गेला वाऱ्यावर. डार्विनसाहेब यार्ड-दोन यार्ड मागे. हा किस्सा त्याने १८७२ च्या पुस्तकात स्वतःच लिहून ठेवलाय.

भाच्याचं म्हणणं वेगळं. "भीती कटिंगची वाटते. शॉट लई फास बदलतेत." मग आम्ही मोजायचं ठरवलं. ट्रेलरचा वेग पाव पट केला आणि दर कटला, म्हणजे शॉट बदलला की, एक शेंगदाणा बाजूला ठेवायचा असा नेम केला. सुरुवातीला बराच वेळ शेंगदाणे वाटीतच. नवीन घर, लांबचलांब व्हरांडा, झोक्यावर बसलेली मुलगी. शेवटाकडे मात्र पाव वेगातही हात पुरेना, आणि मोजलेले दाणे मध्येच खाल्ले गेल्यामुळे एकूण हिशेब काही लागला नाही.

तेव्हा कागदावरचा हिशेब घेऊ. समजा, १२० सेकंदांच्या ट्रेलरमध्ये ९० शॉट आहेत. त्यातले १० शॉट प्रत्येकी ६ सेकंदांचे, २० शॉट दीड सेकंदाचे आणि उरलेले ६० फक्त अर्ध्या सेकंदाचे. सरासरी निघते १.३३ सेकंद. गंमत अशी की तेवढ्या लांबीचा एकही शॉट त्या ट्रेलरमध्ये नाही. सगळे शॉट लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडून मधला उचलला, तर तो अर्ध्या सेकंदाचा. याला मध्यक म्हणतात, आणि अशा विषम आकड्यांत तो सरासरीपेक्षा खरं बोलतो. पण तोही सगळं सांगत नाही. वेळेचा हिशेब मांडला तर ट्रेलरचा अर्धा वेळ, पूर्ण ६० सेकंद, त्या दहाच शॉटनी खाल्लेला असतो.

मराठवाड्यातल्या माणसाला हे जास्त फोड करून सांगायला नको. 'सरासरीच्या शंभर टक्के पाऊस' ही बातमी आपण सुकलेल्या सोयाबीनच्या बांधावर उभं राहून वाचलेली असते. पाऊस किती पडला यापेक्षा मध्ये २१ दिवसांचा खंड कधी पडला, यावर पीक ठरतं. ट्रेलरचंही तेच आहे. दणका मोठा की लहान, हे त्याच्या आधीच्या खंडावर ठरतं.

त्या खंडात शरीर काय करतं ते बघा. डोळा एका सेकंदात साधारण तीन जागी ठरतो. सहा सेकंदांच्या शॉटमध्ये आपण पडद्यावर अठराएक ठिकाणी नजर टाकतो: दाराची फट, आरसा, पलंगाखालचा अंधार. लक्ष एकवटलेलं असताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, हालचाल थांबते. 'काय आहे ते?' अशी ही अवस्था. रशियन शरीरशास्त्रज्ञ पावलॉव्हने तिची नोंद फार पूर्वी केली आहे. अर्ध्या सेकंदाच्या शॉटला मात्र एक-दोनच नजरा मिळतात. तिथे शोधाशोध नाही, नुसता मारा. म्हणूनच माझ्या मते शेवटची ती भराभर चित्रं घाबरवत नाहीत, फक्त दमवतात. खरा संकलक ओळखायचा तो कट न मारण्यात.

याचा जुना नमुना १९४२ च्या 'कॅट पीपल'मध्ये आहे. रात्री एक बाई भिंतीच्या कडेने एकटी चाललेली, मागे दुसऱ्या बाईच्या पावलांचा आवाज. मग ती पावलं ऐकू येईनाशी होतात. शांतता. आणि एकदम गुरगुरल्यासारखा फुस्स आवाज करत पडद्यावर घुसते ती साधी बस! आपल्या एसटीचा एअरब्रेक सुटतो तसा आवाज, बाकी काही नाही. त्या सिनेमाचा निर्माता व्हॅल ल्यूटन. अशा फसव्या दणक्याला सिनेमावाले अजूनही 'ल्यूटन बस' म्हणतात.

खंडासोबत अंधार असेल तर आणखी फावतं. माणसं अंधारात त्याच आवाजाला जास्त जोरात दचकतात, असं १९९७ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगात दिसलं. त्याच वर्षी उंदरांवरच्या प्रयोगात नेमकं उलटं आढळलं: उंदीर लख्ख उजेडात जास्त दचकतात. निशाचराला उजेडाचं भय, दिवसा हिंडणाऱ्याला अंधाराचं. सिनेमेही याला धरूनच चाललेत म्हणायचे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या जेम्स कटिंग यांनी १९३५ ते २०१० मधले हॉलिवूडपट मोजले, तेव्हा शॉट आखूड होत गेलेले दिसलेच, शिवाय चित्रंही काळवंडत गेलेली दिसली.

भाच्याला यातलं उंदरांचं तेवढं पटलं. "मग आवाज बंद करून बघू," तो म्हणाला. मोबाइल मुका केला. तोच ट्रेलर, तोच व्हरांडा, तोच झोका. आम्ही दोघं गोधडीत वाकून त्या सहा सेकंदांच्या अंधारात डोळे खुपसून बसलो. चेहरा आला, गेला. भाचा जांभई देत म्हणाला, "हॅ, कायच नाही."

पुढचा शॉट चालू होता, तेवढ्यात डोक्यामागच्या पेटीत मोटारीच्या स्टार्टरचा ऑटो खट्‌कन पडला. मोबाइल त्याच्या हातून उडाला, वाटी लवंडली, शेंगदाणे खोलीभर झाले. साडेबाराची लाइट दहा मिनिटं आधीच आली होती.