मेनफ्रेममधील कार्यभार व्यवस्थापन व ट्यूनिंगचे शिक्षण

मेनफ्रेम संगणकावर एकाच वेळी हजारो कामे चालू असतात आणि प्रोसेसर, मेमरी व डिस्क यांची मागणी पुष्कळदा पुरवठ्याहून जास्त असते. अशा वेळी कोणते काम आधी पुढे न्यायचे, कोणते थांबवायचे आणि किती वेळ, हे संस्थेच्या गरजेनुसार अगोदर ठरवून यंत्राकरवी अमलात आणण्याच्या पद्धतीला कार्यभार व्यवस्थापन म्हणतात. या व्यवस्थेचे मोजमाप करून तिच्यात सुधारणा करण्याचे काम म्हणजे ट्यूनिंग. प्रस्तुत नोंद मुख्यतः आयबीएमच्या मेनफ्रेमवरील झेड/ओएस या कार्यप्रणालीसंबंधी आहे, कारण या विषयाची सर्वांत पद्धतशीर वाढ तिथेच झाली आणि तो शिकू पाहणाऱ्याची गाठही बहुधा तिच्याशीच पडते.

विद्यार्थ्याला पहिली अडचण येते ती विचाराच्या सवयीची. साध्या सर्व्हरचा वापर ९० टक्क्यांवर गेला की धोक्याची सूचना दिली जाते. मेनफ्रेम मात्र तासन्‌तास १०० टक्के वापरात असला तरी कोणी दचकत नाही. यामागचे कारण रांगेच्या गणितात सापडते. एकाच खिडकीपाशी माणसे अनियमितपणे येत असतील, तर स्थूलमानाने एकूण प्रतिसादकाळ म्हणजे प्रत्यक्ष सेवेचा काळ भागिले खिडकी रिकामी असण्याचा वाटा. ज्या कामाला प्रोसेसरचे २ मिलिसेकंद लागतात त्याला वापर ५० टक्के असताना ४ मिलिसेकंद, ८० टक्के असताना १०, ९० टक्के असताना २० आणि ९५ टक्के असताना ४० मिलिसेकंद लागतील. प्रोसेसर अनेक असले की ही चढण थोडी उशिरा सुरू होते, पण टळत नाही. मग १०० टक्के भरलेल्या यंत्रावर एटीएमचा व्यवहार क्षणात कसा पुरा होतो? कारण वरच्या प्राधान्याच्या कामाला खालच्या कामांची गर्दी जवळजवळ दिसतच नाही. ते आले की खालचे काम बाजूला सारले जाते, त्यामुळे त्याच्यापुरता वापर म्हणजे त्याचा स्वतःचा आणि त्याच्या वरच्यांचा मिळून जो होईल तेवढाच. एटीएम व त्यावरील कामे मिळून ४० टक्के जागा घेत असतील, तर उरलेले ६० टक्के बॅचने, म्हणजे कोणी समोर बसून वाट पाहत नसलेल्या गठ्ठ्याने चालणाऱ्या कामांनी, भरले काय आणि रिकामे राहिले काय, एटीएमच्या दृष्टीने फरक थोडाच पडतो. एवढे एक सूत्र नीट उमगले की पुढच्या बहुतेक संज्ञा आपोआप जागेवर बसतात; म्हणून शिकवण्याची सुरुवात पॅनेल आणि आज्ञांपासून न करता इथून करावी, हे अधिक योग्य.

आयबीएमने १९६४ मध्ये सिस्टिम/३६० जाहीर केली आणि १९७४ मध्ये झेड/ओएसची पूर्वज असलेली एमव्हीएस ही कार्यप्रणाली आली. तिच्यात सिस्टिम रिसोर्सेस मॅनेजर हा घटक साधनांची वाटणी करीत असे, परंतु त्याला सूचना यांत्रिक भाषेत द्याव्या लागत. कोणत्या गटाची डिस्पॅचिंग प्रायॉरिटी (प्रोसेसर मिळण्यातला अग्रक्रम) किती, एका वेळी किती कामे मेमरीत राहू द्यायची, अशा संख्या पॅरामीटर फाइलींत लिहिल्या जात. परिणाम काय हवा हे सांगण्याची सोय नव्हती; तो परिणाम कोणत्या कळा फिरवल्यावर मिळेल, हे अनुभवी माणसाने अदमासाने ठरवायचे. यंत्र बदलले, कामाचे स्वरूप बदलले की साऱ्या संख्या पुन्हा पाहाव्या लागत. एकाहून अधिक यंत्रे जोडून एकत्र काम करणारी सिसप्लेक्स रचना १९९० मध्ये आल्यानंतर प्रत्येक यंत्रासाठी हा खटाटोप वेगवेगळा करणे अवघड होऊ लागले. १९९४ मध्ये एमव्हीएस/ईएसए ५.१ या आवृत्तीबरोबर वर्कलोड मॅनेजर, रोजच्या बोलण्यात डब्ल्यूएलएम, दाखल झाला. त्याला उपाय सांगायचा नसतो, उद्दिष्ट सांगायचे असते. जुनी पद्धतही काही वर्षे सोबत चालू ठेवण्यात आली होती. २००२ मधील झेड/ओएस १.३ पासून ती काढून टाकली गेली.

डब्ल्यूएलएमच्या साऱ्या व्याख्या सर्व्हिस डेफिनिशन नावाच्या एका संचात असतात आणि हा संच सिसप्लेक्समधील सर्व यंत्रांना मिळून एकच असतो. त्यातील मुख्य घटक म्हणजे सर्व्हिस क्लास, अर्थात एकसारखी वागणूक द्यायच्या कामांचा गट. येणारे काम कोणत्या सर्व्हिस क्लासमध्ये घालायचे हे वर्गीकरणाचे नियम ठरवतात. त्यासाठी जॉबचे नाव, वापरकर्ता, व्यवहाराचे नाव, सबसिस्टिम असे निकष वापरता येतात. प्रत्येक सर्व्हिस क्लासला उद्दिष्ट आणि १ ते ५ पर्यंतचे महत्त्व दिले जाते. १ म्हणजे सर्वाधिक. महत्त्व म्हणजे प्रायॉरिटी नव्हे, हे विद्यार्थ्याला दोनतीनदा सांगावे लागते. महत्त्व फक्त एवढेच सांगते की सर्वांची उद्दिष्टे एकदम पुरी होत नसतील तर आधी कोणाचे पाहायचे. ज्याचे उद्दिष्ट पुरे होत आहे त्याला, महत्त्व १ असले तरी, आणखी काही मिळत नाही.

उद्दिष्टे चार प्रकारची असतात. सरासरी प्रतिसादकाळ आणि टक्केवारीतला प्रतिसादकाळ ही दोन लहान, वारंवार येणाऱ्या व्यवहारांसाठी असतात. ‘९० टक्के व्यवहार ०.५ सेकंदात’ असे उद्दिष्ट सरासरीपेक्षा चांगले, कारण एखाददुसरा रखडलेला व्यवहार सरासरी बिघडवून टाकतो, टक्केवारीला मात्र फारसा धक्का लावत नाही. ज्यांचा शेवट लवकर होत नाही अशा बॅच जॉबसाठी आणि सतत चालू असणाऱ्या कामांसाठी व्हेलॉसिटी हे तिसरे परिमाण आहे. चौथा प्रकार डिस्क्रीशनरी, म्हणजे उरेल ते घ्यावे.

व्हेलॉसिटी म्हणजे वेग असा सरळ अर्थ घेतल्यास घोटाळा होतो. ती प्रत्यक्षात वाट पाहण्याचे माप आहे. प्रणाली दर पाव सेकंदाला प्रत्येक कामाची अवस्था टिपून ठेवते: साधन वापरत आहे, साधनासाठी अडले आहे, की दोन्ही नाही. समजा, १०० सेकंदांत एका जॉबचे ४०० नमुने मिळाले. त्यांतील १२० मध्ये तो प्रोसेसर किंवा डिस्क वापरत होता, १८० मध्ये अडलेला होता आणि १०० मध्ये निष्क्रिय होता. निष्क्रिय नमुने सोडून द्यायचे. १२० भागिले ३००, म्हणजे व्हेलॉसिटी ४०. उद्दिष्ट ५० असेल तर ५० भागिले ४०, म्हणजे परफॉर्मन्स इंडेक्स १.२५. प्रतिसादकाळाच्या उद्दिष्टासाठी भागाकार उलटा, म्हणजे प्रत्यक्ष काळ भागिले उद्दिष्ट. कोणत्याही प्रकारात १ म्हणजे उद्दिष्ट नेमके पुरे, १ पेक्षा जास्त म्हणजे चुकले, कमी म्हणजे गरजेहून चांगले चालले आहे. या एका आकड्यामुळे एटीएमचा व्यवहार आणि रात्रीचा जॉब या मुळातच भिन्न गोष्टी एका तराजूत तोलता येतात, आणि माझ्या मते डब्ल्यूएलएमच्या रचनेतील सर्वांत हुशारीची गोष्ट हीच आहे.

साधारण दर १० सेकंदांनी डब्ल्यूएलएम हा तराजू हाती घेतो. ज्यांचे उद्दिष्ट चुकते आहे त्यांतील सर्वांत महत्त्वाच्या पातळीवरचा, सर्वांत वाईट इंडेक्स असलेला सर्व्हिस क्लास घेणारा म्हणून निवडला जातो. तो कशासाठी अडला आहे, प्रोसेसरसाठी की मेमरीसाठी की डिस्कसाठी, हे नमुन्यांवरून कळते. मग ज्याच्याकडून काढून घेता येईल असा देणारा शोधला जातो आणि देवघेव झाल्यावर दोघांचे इंडेक्स काय होतील याचा अंदाज बांधला जातो. फायदा पुरेसा वाटला तरच बदल होतो. नाही तर दुसरा देणारा, नाही तर दुसरे साधन. मदत थोडी थोडी आणि सहसा एकेकालाच मिळत असल्यामुळे धोरणात क्लासची गर्दी केली की खालच्या रांगेतल्याची पाळी उशिरा येते. एका यंत्रावर प्रत्यक्ष कार्यरत असलेले क्लास आणि त्यांचे टप्पे मिळून ३० च्या आसपास असावेत, हा सल्ला त्यामुळेच दिला जातो.

टप्पा म्हणजे पीरियड. एखाद्या वापरकर्त्याने टीएसओवर, म्हणजे झेड/ओएसशी थेट संवाद साधण्याच्या सोयीवर, दिलेली आज्ञा लहान आहे की प्रचंड, हे ती सुरू होताना कोणालाच माहीत नसते. म्हणून सर्वांना पहिल्या टप्प्यात चांगली वागणूक देतात; ठरलेली सेवा, म्हणजे साधनांचा ठरावीक वापर, खाऊनही आज्ञा संपली नाही तर ती दुसऱ्या, मग तिसऱ्या टप्प्यात उतरते, जिथे उद्दिष्ट सैल आणि महत्त्व कमी असते.

शिकण्याचा खरा भाग मोजमापाचा आहे. झेड/ओएस आपल्या हालचालींच्या नोंदी एसएमएफ या यंत्रणेद्वारे लिहीत असते आणि प्रत्येक प्रकाराला क्रमांक असतो: जॉबचा हिशेब ३० मध्ये, आरएमएफ या मापन-साधनाच्या नोंदी ७० ते ७९ मध्ये, प्रोसेसरच्या कॅशेसंबंधीचे (त्याच्याजवळच्या छोट्या, जलद मेमरीसंबंधीचे) गणक ११३ मध्ये आणि डब्ल्यूएलएमने कोणता निर्णय का घेतला याचा तपशील ९९ मध्ये. रोजच्या वाचनात ७२ क्रमांकाच्या तिसऱ्या उपप्रकारावरून तयार होणारा वर्कलोड अ‍ॅक्टिव्हिटी अहवाल सर्वाधिक येतो. तो वाचताना नवशिका आधी प्रोसेसरची टक्केवारी शोधतो. मुरलेला माणूस आधी विलंबाचे स्तंभ पाहतो. इंडेक्स २ असूनही प्रोसेसरसाठीचा विलंब नगण्य असेल, तर प्राधान्य वाढवून काहीच साधणार नाही, कारण काम दुसरीकडेच कुठेतरी, कदाचित डेटाबेसच्या लॉकपाशी (दुसरे काम वापरत असलेली माहिती मोकळी होण्याची वाट पाहत), अडले आहे. प्रतिसादकाळाच्या उद्दिष्टाखाली अहवालात १४ पायऱ्यांची विभागणीही छापली जाते: किती व्यवहार उद्दिष्टाच्या निम्म्या वेळात संपले, तिथपासून किती चौपटीच्याही पलीकडे गेले, तिथपर्यंत. बहुतेक सारे व्यवहार पहिल्याच पायरीवर दिसले तर आनंद मानू नये. उद्दिष्ट फार सैल आहे आणि टंचाई आली की डब्ल्यूएलएम नेमके याच क्लासकडून काढून घेणार, असा त्याचा अर्थ आहे.

नेहमीच्या चुकाही याच धाटणीच्या असतात. व्हेलॉसिटी ९० मागून ठेवायची, जी गर्दीच्या यंत्रावर कधीच मिळत नाही, आणि मग इंडेक्स कायम लाल राहतो. नवे यंत्र आले, प्रोसेसरांची संख्या वाढली, तरी व्हेलॉसिटीचे जुनेच आकडे चालू ठेवायचे; वास्तविक प्रोसेसर वाढले की अडून राहण्याचे प्रमाण घटते आणि कालचे कठीण उद्दिष्ट आज पोकळ होते. डीबी२ या डेटाबेसचे लॉक सांभाळणाऱ्या आयआरएलएम या घटकाला एसवायएसएसटीसी या जवळजवळ शिखरावरच्या क्लासमध्ये न घालता इतर कामांबरोबर खाली ठेवले, तर लॉक सोडायलाच वेळ मिळत नाही आणि महत्त्वाची कामे बिनमहत्त्वाच्या कामामागे ताटकळतात. नियमांच्या जाळीतून एखादा जॉब सुटला तर तो एसवायएसओटीएचईआर या क्लासमध्ये पडतो, ज्याचे उद्दिष्ट डिस्क्रीशनरी असते. महिनाअखेरीचा एखादा जॉब काही कारण न दिसता रेंगाळत असेल, तर आधी तो कोणत्या क्लासमध्ये आहे हे पाहावे.

एका यंत्राचे अनेक तार्किक भाग करण्याची सोय असल्याने ट्यूनिंगचा एक मजला खालीही असतो. अशा प्रत्येक भागाला, म्हणजे एलपारला, वजन दिलेले असते. एकूण वजन १,००० पैकी एकाचे ६०० असेल तर टंचाईत त्याला ६० टक्क्यांची हमी मिळते, आणि शेजारी रिकामे असतील तर जास्तही. २००८ मधील झेड१० पासून आलेले हायपरडिस्पॅच काम शक्यतो त्याच त्या प्रोसेसरांवर ठेवते, जेणेकरून कॅशेमधील माहिती वाया जाऊ नये.

या विषयाला पैशाची बाजू इतकी ठसठशीत आहे की ती बाजूला ठेवून तो शिकता येत नाही. अनेक संस्थांत सॉफ्टवेअरचे मासिक भाडे चार तासांच्या फिरत्या सरासरीच्या महिन्यातील सर्वोच्च बिंदूवर ठरते आणि ही सरासरी एमएसयू या एककात, म्हणजे ताशी दशलक्ष सेवा-एककांत, मोजली जाते. महिन्यातल्या एका वाईट दुपारी बॅच आणि ऑनलाइन एकत्र आदळले तर त्याचे बिल पूर्ण महिन्याला लागते. म्हणून एलपारला मर्यादा घालणे, पुढे ढकलता येणारे जॉब शिखरापासून दूर नेणे, हीही ट्यूनिंगचीच कामे होत. २०१९ मध्ये आयबीएमने वापरावर आधारित आकारणीचा पर्याय दिल्यापासून शिखराचा धाक काही ठिकाणी कमी झाला. एकूण खप कमी ठेवण्याचे काम मात्र वाढले.

पुणे व मुंबई येथील माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांत परदेशी बँकांच्या आणि विमा कंपन्यांच्या मेनफ्रेमची देखभाल चालते, त्यामुळे मराठी मुलामुलींचा या विषयाशी संबंध बहुधा नोकरीतूनच येतो. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे १० वाजतात तेव्हा पुण्यात संध्याकाळचे साडेसात किंवा हिवाळ्यात साडेआठ झालेले असतात. म्हणजे तिकडची ऑनलाइन गर्दी इथल्या रात्रपाळीत येते आणि तिकडची रात्रीची बॅच इथे सकाळी चहाच्या वेळी. आलेखावरची वेळ कोणत्या घड्याळाची आहे, हा नव्याने रुजू झालेल्याला विचारावा असा पहिला प्रश्न होय.

घरी सराव करणे अवघड आहे. रॉजर बोलर यांनी सुरू केलेल्या हर्क्युलिस या अनुकरण-प्रणालीवर जुना एमव्हीएस ३.८ साध्या संगणकावरही चालतो, पण तो डब्ल्यूएलएमच्या आधीचा आहे; त्यावर कळा फिरवण्याचे जुने युग तेवढे अनुभवता येते. आयबीएमच्या झेड एक्सप्लोर या विनामूल्य उपक्रमात खऱ्या झेड/ओएसवर खाते मिळते, परंतु शेकडो जणांच्या सामायिक यंत्राचे धोरण बदलण्याचा अधिकार विद्यार्थ्याला मिळत नाही, आणि मिळूही नये. तेव्हा उपलब्ध मार्ग उरतो तो कामाच्या ठिकाणचे जुने अहवाल वाचण्याचा. आदल्या महिन्यातील एका गर्दीच्या दिवसाचा अहवाल घ्यावा, इंडेक्सचे स्तंभ झाकून ठेवावेत, नमुन्यांच्या आकड्यांवरून ते स्वतः काढावेत, कोणता क्लास घेणारा आणि कोणता देणारा ठरला असेल ते कागदावर लिहावे, आणि मगच पुढच्या पंधरा मिनिटांचा अहवाल उघडावा.