सुहास पाटील आणि सिरस लॉजिक : एका स्थलांतरित उद्योजकाच्या वाटचालीची पार्श्वभूमी

छत्रपती संभाजीनगर, नांदेड किंवा लातूर येथे संगणक अभियांत्रिकी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ऑपरेटिंग सिस्टिमच्या अभ्यासात कधी ना कधी ‘सिगारेट ओढणाऱ्यांचे कोडे’ भेटते. परीक्षेपुरते ते पाठ होते. ते कोणी मांडले, हे सहसा कोणी विचारत नाही. १९७१ मध्ये ते मांडले डॉ. सुहास पाटील यांनी, आणि पुढे अमेरिकेत सिरस लॉजिक ही चिप बनवणारी कंपनी स्थापन करणारेही तेच.

आडनाव ऐकताच मराठवाड्यातील वाचक ‘गाव कोणते?’ असे विचारील. पाटील यांचा जन्म १९४४ चा, पोलादनगरी जमशेदपूरचा. खरगपूरच्या आयआयटीतून १९६५ मध्ये पदवी घेऊन ते एमआयटीत गेले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेने स्थलांतराचा कायदा बदलला. १९४६ च्या कायद्याने भारतीयांसाठी वर्षाला जेमतेम १०० जागा ठेवल्या होत्या. नव्या कायद्याने राष्ट्रवार कोट्याची ती पद्धत मोडीत काढली आणि शिक्षण व कौशल्य यांना महत्त्व दिले. त्या काळी मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त होऊन दोन दशकेही उलटली नव्हती आणि औरंगाबादचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय अवघे पाच वर्षांचे होते. अमेरिकेचे दार उघडले तेव्हा त्यापर्यंत पोहोचण्याची शिडी कारखान्यांच्या शहरांतून आणि आयआयटीतून जात होती, हे विसरून या पिढीचे कौतुक करण्यात अर्थ नाही.

कोड्याची मांडणी साधी आहे. तिघांपैकी एकाकडे तंबाखू, दुसऱ्याकडे कागद आणि तिसऱ्याकडे काड्यापेटी यांचा अखंड साठा आहे. चौथा माणूस या तीनपैकी कोणत्याही दोन वस्तू मेजावर ठेवतो, आणि ज्याच्याकडे उरलेली तिसरी वस्तू आहे त्यानेच त्या उचलायच्या. चुकीच्या माणसाने एक वस्तू उचलली की सगळेच अडून बसतात. एकाच वेळी चालणाऱ्या प्रोग्रामांमध्ये नेमके हेच घडते. डच संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांचे सेमाफोर, म्हणजे कोणत्या प्रोग्रामाने थांबायचे आणि कोणी पुढे जायचे हे ठरवणारे संकेत, तेवढ्यावर पुरे पडत नाहीत, असा पाटील यांचा दावा होता. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७५ मध्ये तो खोडून काढला; कोडे मात्र टिकून राहिले.

१९७० मध्ये डॉक्टरेट मिळवल्यानंतर पाटील यांनी एमआयटीत आणि १९७५ पासून यूटा विद्यापीठात अध्यापन केले. सत्कारसमारंभांतील भाषणांत ही वर्षे एका वाक्यात उरकली जातात, पण कंपनीचे बीज तेथेच आहे. चिपचा आराखडा तेव्हा बहुतांशी हाताने आखला जाई आणि त्यात महिनेच्या महिने जात. पाटील यांनी तर्कमंडले (लॉजिक सर्किट) आणि साठवणूक (मेमरी) यांची एकाच नियमित जाळीत मांडणी करण्याची पद्धत विकसित केली, ज्यामुळे आराखड्याचा मोठा भाग सॉफ्टवेअरवर सोपवता येऊ लागला. या पद्धतीच्या आधारावर १९८१ मध्ये सॉल्ट लेक सिटी येथे पाटील सिस्टिम्स ही कंपनी निघाली. तीच पुढे कॅलिफोर्नियात येऊन १९८४ मध्ये सिरस लॉजिक झाली.

यानंतरचा निर्णय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १९८५ मध्ये पाटील यांनी सिग्नेटिक्स कंपनीत मुरलेले मायकेल हॅकवर्थ यांच्याकडे मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची सूत्रे दिली आणि स्वतः अध्यक्षपद व संशोधन यांत लक्ष घातले. भारतीय अभियंता हुशार, पण कंपनी चालवणार कोण, अशी शंका गुंतवणूकदारांत त्या काळी सर्रास होती. त्यामुळे या निर्णयात नम्रता किती आणि व्यवहार किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. स्वतःचा कारखाना न काढता चिप दुसऱ्यांकडून घडवून घेणाऱ्या पहिल्या काही कंपन्यांत सिरसची गणना होते. हार्ड डिस्कचे नियंत्रक आणि पडद्यावरील चित्रांच्या चिप यांवर ती वाढली, १९८९ मध्ये शेअर बाजारात आली आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यास तिची वार्षिक विक्री १०० कोटी डॉलरपलीकडे गेली. त्याच सुमारास तिने आयबीएम व ल्यूसेंट यांच्यासोबत कारखान्यांत भागीदारी केली, म्हणजे जे टाळून ती मोठी झाली तेच अंगावर घेतले, आणि ते महागात पडले. पुढे जुने व्यवसाय सोडून तिने ध्वनीच्या चिपवर भर दिला आणि मुख्यालय टेक्सासमधील ऑस्टिनला हलवले. ॲपल तिचा सर्वांत मोठा ग्राहक झाला.

पाटील यांनी १९९२ मध्ये सहकाऱ्यांसह ‘टाय’ ही उद्योजकांची संघटना स्थापन केली. नवख्यांना भांडवलदारांची ओळख करून देणे आणि चार गोष्टी आधीच सांगून ठेवणे, हा तिचा मूळ उद्योग.

मराठवाड्याची मुले मोठ्या संख्येने अमेरिकेत जाऊ लागली ती त्यानंतर. नांदेडचे श्री गुरू गोबिंदसिंगजी महाविद्यालय १९८१ मध्ये निघाले आणि १९८३ पासून राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी झाली. या मुलांपैकी अनेक जण १९९० च्या कायद्यातून आलेल्या एच-१बी व्हिसावर गेले. हा व्हिसा मालकाशी बांधलेला असतो, आणि कोणत्याही एका देशाला ग्रीन कार्डांचा, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्यांचा, ७ टक्क्यांपेक्षा अधिक वाटा सहसा मिळत नसल्याने भारतीयांची रांग वर्षानुवर्षे सरकत नाही. नोकरी सोडून स्वतःची कंपनी काढण्याचा विचार तोवर बहुतेकांना लांबणीवर टाकावा लागतो.