मित्राच्या खोट्या प्रोफाइलवरून पैसे गेले, आता तक्रार कुठे आणि कशी करायची?

फेसबुकवर जुन्या मित्राचा मेसेज येतो. ‘माझ्या ओळखीचे एक सीआरपीएफचे साहेब आहेत, त्यांची बदली झालीय. घरातलं फर्निचर अगदी स्वस्तात काढतायत. तुझा नंबर देऊ का?’ थोड्या वेळाने ‘साहेबां’चा फोन येतो. मग फ्रिज-सोफ्याचे फोटो येतात, सामान भरलेल्या ट्रकचा फोटो येतो आणि पाठोपाठ यूपीआयवर पैशांची मागणी. पहिली रक्कम गेली की ट्रकचं भाडं, त्यानंतर ‘परत मिळणारी’ अनामत. संध्याकाळी मित्राला फोन केल्यावर कळतं, त्याने असा मेसेज केलेलाच नाही. त्याचं नाव, त्याचा फोटो आणि त्याची मित्रयादी उचलून कुणीतरी दुसरंच प्रोफाइल उभं केलेलं असतं.

अशा वेळी बहुतेक जण आधी काय करतात, तर त्या मित्राला सांगून ‘माझं अकाउंट हॅक झालंय, कुणी पैसे देऊ नका’ अशी पोस्ट टाकायला लावतात आणि दहा-वीस जण मिळून ते खोटं प्रोफाइल रिपोर्ट करतात. हेतू चांगला असतो, पण क्रम उलटा झालेला असतो. आधी पैसे अडवायचे, मग पुरावा जपायचा आणि प्रोफाइल बंद करण्याचं काम त्यानंतर. या क्रमासाठीच हा लेख लिहितो आहे. तो चुकला की खरी तक्रारसुद्धा लंगडी पडते.

पहिला तास: १९३०

पैसे गेल्याचं लक्षात येताच १९३० या क्रमांकावर फोन करा. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राची ही देशभराची हेल्पलाइन आहे. पूर्वी तिचा क्रमांक १५५२६० होता. जुन्या फॉरवर्डमध्ये तो अजून फिरतो, तो विसरा.

फोन करायची एवढी घाई का, हे समजून घेतलं तर कुणी उद्यावर ढकलणार नाही. तुमची माहिती यंत्रणेत भरली की ती तुमच्या बँकेकडे आणि पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेकडे जाते. रक्कम अजून त्या खात्यात असेल तर ती तिथेच गोठवली जाते. पुढे सरकली असेल तर सूचना पुढच्या बँकेकडे जाते, तिथून त्याच्या पुढच्या. भामटे पैसे एका खात्यात ठेवत नाहीत. भाड्याने घेतलेल्या खात्यांमधून ते काही मिनिटांत फिरवतात आणि शेवटी एटीएममधून काढतात. एकदा रोख निघाली की अडवायला काही उरत नाही. म्हणून आधी घरच्यांशी बोलू, मुलगा ऑफिसमधून आला की बघू, असं करू नका. लाज वाटत असेल तरी फोन करा. हे मेसेज मित्राच्या नावाने येतात, त्यामुळे चांगले शिकलेसवरलेले लोकही फसतात.

फोनवर तुमचं नाव, मोबाइल नंबर, जिल्हा व पोलीस ठाणं, बँकेचं नाव, रक्कम, तारीख-वेळ आणि व्यवहार क्रमांक विचारतात. यूपीआयचा व्यवहार क्रमांक १२ आकडी असतो. तो ॲपमधल्या त्या व्यवहाराच्या तपशिलात दिसतो. पैसे तीन वेळा गेले असतील तर तिन्ही क्रमांक वेगवेगळे सांगा. एकूण रक्कम सांगून काम होत नाही. मग एसएमएसने पोचक्रमांक येतो. तो जपा आणि २४ तासांच्या आत राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर (पत्ता पुढे दिला आहे) उरलेला तपशील भरा.

लाइन लागत नसेल तर वाट बघत बसू नका, तीच तक्रार थेट पोर्टलवर टाका. त्याच दिवशी बँकेलाही कळवा आणि लेखी तक्रारीची पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाची किंवा बँकेची चूक नसताना परस्पर पैसे गेले असतील आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं असेल, तर नुकसान ग्राहकाच्या माथी येत नाही. पण आपणच पिन टाकून पैसे पाठवले असतील तर बँकेला कळवण्याआधीचं नुकसान आपलं असतं, कळवल्यानंतरचं बँकेचं. फर्निचरच्या फसवणुकीत पिन आपणच टाकलेला असतो, त्यामुळे सगळी भिस्त रक्कम वेळेत गोठण्यावर असते. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्याला फी नाही.

तक्रारदार एक नाही, दोन

ज्याचे पैसे गेले तो तक्रारदार, हे सगळ्यांना कळतं. पण ज्याच्या नावाने प्रोफाइल उघडलं गेलं, त्याच्याविरुद्धही हा गुन्हाच आहे, त्याचा एक रुपया गेला नसला तरी. दुसऱ्याची ओळख अप्रामाणिकपणे वापरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी खाली येतं आणि संगणक वा मोबाइलच्या मदतीने तोतयेगिरी करून फसवणं ६६डी खाली. दोन्हींसाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. म्हणून दोघांनी स्वतंत्र तक्रार करावी आणि आपापल्या तक्रारीत दुसऱ्याचा पोचक्रमांक लिहावा.

पात्रतेचं म्हणाल तर किमान रकमेची अट नाही आणि फीही नाही. वडीलधाऱ्यांच्या वतीने घरातला माणूस तक्रार भरू शकतो, फक्त त्यात पीडित कोण हे स्पष्ट लिहावं.

पुरावा: नाव नको, लिंक हवी

प्रोफाइल रिपोर्ट करण्याआधी त्याची लिंक कॉपी करून ठेवा. नुसता ‘अमुक नावाचं प्रोफाइल’ असा उल्लेख पोलिसांच्या उपयोगाचा नाही. त्याच नावाची शेकडो प्रोफाइल असतात आणि भामटा नाव-फोटो बदलतोही. लिंक मात्र नेमक्या त्याच खात्याकडे बोट दाखवते, आणि तिच्या आधारेच पोलीस कंपनीकडून माहिती मागवतात. लिंक न घेताच प्रोफाइल बंद पाडलं तर तो धागा आपल्याच हाताने तुटतो.

मग स्क्रीनशॉट घ्या. प्रोफाइलचं पान, पूर्ण संभाषण तारीख-वेळेसह, फोन आलेला नंबर, यूपीआय आयडी किंवा क्यूआर कोड आणि व्यवहाराची पावती, इतकं हवं. व्हॉट्सॲपवर बोलणं झालं असेल तर चॅट एक्स्पोर्ट करा. संताप आला तरी हे होईपर्यंत समोरच्याला ब्लॉक करू नका, संभाषण पुसू नका आणि तो फोन फॉरमॅट करू नका. डिजिटल पुराव्याबरोबर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि ते ज्या उपकरणातून पुरावा निघाला त्याच्याशी जोडलेलं असतं.

पोर्टलवर अर्ज

राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलचा पत्ता सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन असा आहे (अर्थात रोमन लिपीत टाइप करायचा). मोबाइलवर ओटीपी येतो आणि लॉगिन होतं. पैसे गेलेल्याने आर्थिक फसवणुकीचा विभाग निवडायचा. नाव वापरलं गेलेल्याने इतर सायबर गुन्ह्यांत जाऊन सोशल मीडियाचा पर्याय घ्यायचा. इथे ‘हॅक झालं’ आणि ‘नक्कल झाली’ यात गल्लत नको. मित्राचं मूळ खातं त्याच्याच ताब्यात असेल तर ते हॅक झालेलं नाही.

घटनेचं वर्णन किमान २०० अक्षरांचं लागतं आणि त्यात विशेष चिन्हं चालत नाहीत. अर्ज अडकला की बहुधा कारण हेच निघतं. किती वाजता मेसेज आला, किती वाजता फोन, कोणत्या वेळी किती रक्कम कोणत्या आयडीवर, असं सरळ ओळीने लिहा. राग आणि शिव्याशाप बाजूला ठेवा. सोबत ओळखपत्र, व्यवहार दिसणारा बँक उताऱ्याचा भाग आणि स्क्रीनशॉट जोडा. शेवटी अर्जाची पीडीएफ उतरवून घ्या. अश्लील किंवा खासगी फोटोंच्या धमकीचं प्रकरण असेल तर महिला व बालकांसाठीचा वेगळा विभाग आहे, तिथे नाव न देताही तक्रार नोंदवता येते.

पोर्टलवरची तक्रार म्हणजे आपोआप एफआयआर नव्हे. पीडीएफची प्रत घेऊन पोलीस ठाण्यात जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मुळे हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. ई-एफआयआर, म्हणजे ऑनलाइन फिर्याद, दिली तर तीन दिवसांत सही करावी लागते आणि एफआयआरची प्रत मोफत मिळते. ठाण्यात नोंद घेतली नाही तर पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांना टपालाने लेखी कळवा. त्यानंतर दंडाधिकाऱ्यांचा मार्ग आहे.

आता प्रोफाइल बंद करा

खोट्या प्रोफाइलवरच्या तीन टिंबांतून रिपोर्टचा पर्याय निवडा. ज्याचं नाव वापरलं त्याने स्वतः रिपोर्ट करणं जास्त परिणामकारक ठरतं. ओळखपत्र मागितलं तर आधारची पूर्ण प्रत देऊ नका, शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या. कंपनीने दाद दिली नाही तर तिच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा. त्याचा पत्ता वेबसाइटवर देणं २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी बंधनकारक केलं आहे. तोतयेगिरीच्या मजकुरावर कारवाई करायला या नियमांनी सुरुवातीलाच २४ तासांची मुदत घातली होती. तिथेही समाधान झालं नाही तर निर्णय कळल्यापासून ३० दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं.

गोठवलेले पैसे परत कसे मिळतात?

रक्कम गोठली म्हणजे खात्यात परत आली असं नाही. साधारणपणे न्यायालयाचा आदेश लागतो, त्यासाठी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करतात. सोबत तक्रारीची किंवा एफआयआरची प्रत, बँकेचा उतारा आणि ओळखपत्र द्यावं लागतं. न्यायालय पोलिसांचा अहवाल मागवतं आणि हमीपत्र घेऊन रक्कम सोडण्याचा आदेश देतं. कोणत्या बँकेत किती रक्कम अडकली, हे तपास अधिकाऱ्याकडून लिहून घ्या.

याच टप्प्यावर दुसरा भामटा गाठतो. ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, सोडवण्यासाठी अमुक फी भरा.’ अशी फी कुठेही नसते. कुणी मागितली तर तो नंबर लगेच तक्रारीत वाढवा. हेल्पलाइनचे नंबर गूगलवर शोधू नका, तिथे खोटे नंबर पेरलेले असतात. पैसे गेले नसून फक्त संशयास्पद फोन किंवा मेसेज आला असेल, तर दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरच्या चक्षू सुविधेत तो नोंदवता येतो.

आणि ज्याच्या नावाने हे घडलं त्या मित्राने आजच आपली फेसबुकची मित्रयादी ‘फक्त मी’ वर ठेवावी आणि प्रोफाइल लॉक करावं. मित्रयादी उघडी राहिली तर पुढचं खोटं प्रोफाइल पुन्हा त्याच माणसांना मेसेज करतं.