नवा स्टिरिओ जुन्या पिकअपची बॅटरी उतरवतो का?

जळगाव-भुसावळ पट्ट्यात केळी वाहणाऱ्या जुन्या पिकअपमध्ये नवा ब्लूटूथ स्टिरिओ बसवला की एका रात्रीत बॅटरी उतरते, हा समज वर्षानुवर्षे चालत आला असला तरी तो खरा नाही. बंद स्टिरिओ सहसा थेट बॅटरीला जोडलेल्या पिवळ्या तारेतून घड्याळ व स्टेशने लक्षात ठेवण्यापुरताच प्रवाह घेतो. तो 10 मिलिअँपिअर धरला, तरी महिन्याला सुमारे 7 अँपिअर-तास होतात, आणि 60 अँपिअर-तासांची धडधाकट बॅटरी तेवढ्याने रात्रीत बसत नाही. खरा घोळ जोडणीत असतो. स्टिरिओ चालू करणारी लाल तार चावीसोबत चालू-बंद होणाऱ्या लाइनला न देता पिवळीबरोबर पिळून थेट बॅटरीला दिली (घाईची ही सवय फार जुनी), तर चावी काढल्यावरही स्टिरिओ जागाच राहतो. पिवळ्या तारेवर बॅटरीजवळ फ्यूज मात्र हवाच.