वाळूतली द्राक्षं: कोलारिशच्या वायनऱ्या बघायच्या आधी

पोर्तुगालला गेलेले आपले लोक वाइन म्हटलं की पोर्टो गाठतात, दोरू नदीच्या उतारावरचे मळे बघतात आणि परत येतात. पण लिस्बनपासून तासाभरावर, सिंत्राच्या डोंगराखाली अगदी अटलांटिकला चिकटून कोलारिश नावाचा एक चिंचोळा पट्टा आहे, तिकडे फारसं कुणी वळत नाही. सिंत्राचे राजवाडे बघायला तोबा गर्दी असते, तिथूनच १९०४ पासूनची जुनी ट्राम खाली समुद्रापर्यंत जाते, वाटेत कोलारिश लागतं, तरी लोक वरच्या वर परत फिरतात. आणि जे जातात त्यांना नुसतं टेस्टिंग करून फारसं काही कळत नाही, कारण इथली रेड वाइन पातळ, आंबट आणि तुरट लागते, पहिल्या घोटाला आवडेलच असं नाही. ती अशी का आणि ती अजून शिल्लक आहे हेच केवढं नवल, हे कळायला मागचा इतिहास माहीत पाहिजे.

द्राक्षं इथे फार जुनी आहेत. १२५५ मध्ये राजा अफोन्सु तिसरा याने इथली जमीन देताना वेली लावायची अटच घातली होती असं सांगतात. पण कोलारिशचं नाव झालं ते एकोणिसाव्या शतकात, आणि तेही एका किड्यामुळे. फायलोक्झेरा हा माव्याच्या जातकुळीतला बारीक किडा अमेरिकेतून आलेल्या रोपांबरोबर युरोपात घुसला, १८६० च्या दशकात पोर्तुगालात पोचला आणि वेलींची मुळं खाऊन त्याने मळेच्या मळे बसवले. शेवटी उपाय निघाला तो म्हणजे अमेरिकन खुंटावर, म्हणजे या किड्याला दाद न देणाऱ्या अमेरिकन वेलीच्या मुळांवर, युरोपियन वेलीचं कलम करायचं. आज जगात बहुतेक ठिकाणी असंच करतात, आपल्याकडे नाशिक-सांगलीचे बागायतदार डॉगरीज खुंटावर कलम करतात (त्यामागे मुख्यतः पाण्याचं आणि क्षारांचं कारण आहे, पण तंत्र तेच). कोलारिशला मात्र याची गरजच पडली नाही. हा किडा मोकळ्या वाळूत टिकत नाही आणि इथले मळे समुद्राच्या वाळूतच होते, त्यामुळे इथल्या रामिश्को या काळ्या द्राक्षाच्या वेली आजही स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत.

उभ्या म्हणजे खरं तर आडव्या. वाऱ्यामुळे वेल जमिनीवरच पसरवतात, आजूबाजूला दगडांचे गडगे आणि बोरूच्या ताट्या लावतात, आणि द्राक्षं पिकायला लागली की तापलेल्या वाळूने भाजू नयेत म्हणून प्रत्येक फांदीखाली बोरूचे छोटे टेकू देतात. हे सगळं हाताने, वाकून. लागवड तर त्याहून कठीण. वाळूत वेल नुसती खोचून भागत नाही, तिचं मूळ खालच्या चिकणमातीत रुजलं पाहिजे, म्हणून मातीचा थर लागेपर्यंत खणायचं, कुठे एखाद-दोन मीटर तर कुठे त्याच्या कितीतरी खाली. वाळूची कड कधी कोसळेल याचा नेम नाही, म्हणून पूर्वी खड्ड्यात उतरणारा माणूस डोक्यावर टोपली घालून काम करायचा, गाडला गेलाच तर वरचे लोक उकरून काढेपर्यंत टोपलीखाली श्वास घेता यावा म्हणून. वाइनच्या एका बाटलीमागे एवढं असतं हे वाचल्यापासून मला इथल्या किमतीबद्दल तक्रार करावीशी वाटत नाही.

बाकीचा देश उजाड आणि कोलारिश हिरवं, म्हटल्यावर मागणी प्रचंड वाढली आणि कोलारिशच्या नावाने भलतीच वाइन विकली जायला लागली. म्हणून १९०८ मध्ये सरकारने या भागाची हद्द आखून दिली आणि १९३१ मध्ये सहकारी वायनरी निघाली, अदेगा रेजिओनाल. पुढे नियम असा झाला की कोलारिश हे नाव लावायचं तर वाइन या अदेगातच बनली पाहिजे, आपल्या साखर कारखान्यांच्या पूर्वीच्या झोनबंदीसारखंच. भेसळ थांबली हे खरं, पण स्वतःची वाइन स्वतः बनवायची वाट शेतकऱ्याला राहिली नाही आणि कित्येक दशकं सगळं एकाच छापाचं होत गेलं. १९८६ मध्ये पोर्तुगाल युरोपियन समुदायात गेल्यावर असल्या मक्तेदाऱ्या हळूहळू सुटल्या, तोवर निम्मा खेळ आटपला होता. कारण किड्याला जे जमलं नाही ते जागेच्या भावाने केलं. लिस्बन पसरत गेलं, समुद्र दिसतो म्हणून प्लॉट विकले गेले, मळ्यांवर बंगले झाले, आणि वाळूतली मजुरी परवडेना म्हणून उरलेल्यांनीही सोडून दिलं. एके काळी शेकडो हेक्टरवर असलेले मळे अगदी थोड्या हेक्टरांवर आले.

ते वाचले त्यात ‘फुंदासांव ओरिएन्त’ या संस्थेचाही हात आहे, तिने इथे वाळूत मळा उभा केला. पणजीत फोंताइन्यशमध्ये जिचं केंद्र आहे तीच ही संस्था. तसा सिंत्राचा आणि आपला धागा जुनाच, गोव्यात १५४८ मध्ये वारलेला व्हाइसरॉय जुआंव द कास्त्रु याची वाडी सिंत्रातच होती आणि सोमनाथकडून नेलेला एक संस्कृत शिलालेख तिथे मिळाला, अभ्यासक त्याला सिंत्रा प्रशस्ती म्हणतात. असो.

आता जायचं तर बांझांवला ट्रामच्या रस्त्यावरच अदेगा आहे, आतली जुनी अवाढव्य लाकडी पिपं बघाच, आणि अल्मोसाजेमला विउवा गोमिश ही १८०८ पासूनची पेढी आहे. दोन्हीकडे आधी कळवून गेलेलं बरं. बाटल्या बऱ्याचदा अर्ध्या लिटरच्या असतात. रामिश्को घेताना जुन्या वर्षाची मागा, कोवळी असताना ती तोंड आवळून टाकते, आणि लगेच उघडायची असेल तर मालवाझिया या पांढऱ्या द्राक्षाची व्हाइट घ्या, तिच्यात समुद्राचा खारटपणा पहिल्याच घोटाला कळतो.