बाळंतविडा

बाळंतविडा म्हणजे नव्या बाळासाठी घरी शिवलेल्या-विणलेल्या कपड्यांचा संच. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत असल्याने तो बहुधा बाळाच्या आईची आई तयार करते आणि बारशाला देते. झबली, लंगोट, कुंची आणि जुन्या नऊवारीची दुपटी ही सुती बाजू. टोपडे, स्वेटर आणि मोजे ही लोकरीची. आजीचा हात खरा दिसतो तो लोकरीत.

टोपडे, स्वेटर व मोज्यांना मिळून साधारण 150 ग्रॅम थ्री-प्लाय (तीनपदरी) बेबी वूल लागते. सुया 10 आणि 12 नंबरच्या. नंबर वाढला की सुई बारीक होते. काठ 12 वर एक सुलट, एक उलट असा विणतात, अंग 10 वर. आधी चौकोनी नमुना विणून 4 इंचांत 28 टाके बसतात का ते पाहावे. त्या मापाने 18 इंच घेराच्या स्वेटरच्या पाठीला 63 टाके होतात. हात सैल असून 4 इंचांत 25 टाकेच बसले, तर तीच पाठ 9 ऐवजी 10 इंच भरते. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर सुमारे 14 इंच, म्हणजे गळ्यापेक्षा बराच मोठा असतो, म्हणून स्वेटर पुढून उघडा ठेवावा किंवा खांद्यावर बटणे द्यावीत.

मोज्याला 37 टाके घालतात. दोन इंच काठ झाल्यावर 12, 13, 12 असे भाग पाडून फक्त मधल्या 13 टाक्यांवर सगळ्या सुलट 18 ओळी विणायच्या. हा पावलाचा वरचा भाग. त्याच्या दोन्ही कडांवरून 9-9 टाके उचलले की 55 होतात. त्यांवर 10 ओळी विणून, टाच व बोटांकडे टाके कमी करत तळवा शिवून टाकावा. सुरुवातीचे टाके घट्ट पडले तर घोट्यावर वळ उठतो. ते जाड सुईवर घालावेत. दोन रंगांची नक्षी मोज्यात नकोच. आत सुटे राहिलेले धागे बाळाच्या बोटाला गुंडाळले जातात आणि रक्तप्रवाह थांबू शकतो. वस्तू पारखायची तर उलटी करून पाहावी.

दुपट्याची कड क्रोशाने करतात. मुक्या खांबांची (क्रोशाच्या आखूड टाक्यांची) ओळ कोपऱ्यावर आली की एकाच जागी तीन खांब घ्यावेत, नाहीतर कोपरा आत वळतो.

ॲक्रिलिकला (कृत्रिम लोकरीला) इस्त्री लागली की काठाचा ताण कायमचा जातो, आणि शेक-धुरीच्या शेगडीजवळ ते वितळते. खरी लोकर गरम पाण्यात चोळली तर आटून घट्ट होते. ठेवणीतल्या कपड्यांत डांबराच्या गोळ्या घालू नयेत: जी6पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी त्यामुळे फुटू शकतात.

मोठ्या भावंडाचा स्वेटर उसवून धाकट्याला विणण्याची चाल अनेक घरांत होती. उसवलेल्या लोकरीची लड करून, धुऊन, खाली हलके वजन लावून वाळवली की मुरड निघते. एकदा आटलेली लोकर मात्र उसवत नाही.