चारही चाकांना ताकद देणाऱ्या वेगवान गाड्या : पार्श्वभूमी

बीएमडब्ल्यूची एम३४०आय, ऑडीची एस५ स्पोर्टबॅक आणि मर्सिडीज-एएमजीची ए३५ सेदान या गाड्या भारतात आल्यापासून, रोजच्या वापरासाठी यांपैकी कोणती घ्यावी, हा प्रश्न छत्रपती संभाजीनगर आणि जालन्याच्या उद्योजकांपुढेही आला आहे. चर्चा बहुधा अश्वशक्तीच्या आकड्यांवर होते. तिन्ही गाड्यांत इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळते, हे खरे. मात्र ती पोहोचवण्याची रीत प्रत्येकीत निराळी आहे आणि निवड खरे तर त्या रीतींमधून करायची असते.

डांबरी रस्त्यावरच्या गाडीला चारही चाकांनी चालवण्याचा प्रयोग ब्रिटनच्या जेन्सन एफएफने १९६६ मध्ये केला. पण तिच्या अवघ्या ३२० गाड्या बनल्या. कलाटणी मिळाली ती १९७७ च्या हिवाळ्यात. फिनलंडच्या बर्फात चाचण्या चालू असताना, कमी ताकदीची, पण चारही चाकांनी चालणारी इल्टिस ही लष्करी गाडी अधिक ताकदवान गाड्यांना मागे टाकते, हे ऑडीचे अभियंते यॉर्ग बेन्सिंगर यांच्या लक्षात आले. त्यातून घडलेली क्वाट्रो मार्च १९८० मध्ये जिनिव्हा येथे सादर झाली. पुढच्याच वर्षी मिशेल मूटाँ यांनी तीच गाडी चालवून सानरेमो रॅली जिंकली. जागतिक अजिंक्यपद मालिकेतील रॅली जिंकणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या.

वळणावर पुढची आणि मागची चाके सारखे अंतर कापत नाहीत; त्यामुळे दोन्ही आसांना सरळ जखडले, तर कोरड्या रस्त्यावर टायर घासतात आणि यंत्रणेवर ताण येतो. चिखलात ट्रॅक्टरचा डिफरेन्शियल लॉक (दोन्ही चाके एकाच गतीने फिरावीत म्हणून जखडणारा) लावणारा शेतकरी पक्क्या रस्त्यावर येताच तो का सोडतो, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ही अडचण निराळी समजावून सांगावी लागणार नाही. ऑडीने आधी हाताने लावायचा लॉक दिला आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात टॉर्सन हा आपोआप ताकद वाटणारा मधला डिफरेन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या आसांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा भाग, आणला. एस५ त्याच परंपरेतील आहे. बीएमडब्ल्यूच्या एक्सड्राइव्हमध्ये ताकद मुख्यतः मागच्या चाकांकडे असते आणि क्लच गरजेनुसार ती पुढे पाठवतो. ए३५ मध्ये इंजिन आडवे बसवलेले असल्याने पुढची चाके मुख्य असतात आणि मागच्या आसाजवळचा क्लच जास्तीत जास्त निम्मी ताकद मागे नेतो. आडव्या इंजिनाच्या गाड्यांत अशी रीत हॅल्डेक्स या स्वीडिश कंपनीच्या क्लचमुळे १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून रुळली. मधला डिफरेन्शियल आणि मागचा क्लच या दोन्ही प्रकारांना ऑडी क्वाट्रो हेच नाव देते, त्यामुळे नुसते नाव वाचून निर्णय घेणे धोक्याचे आहे.

अशी गाडी घरच्या वापराची झाली, याचे श्रेय मात्र मी स्पर्धेच्या नियमांना देतो. मे १९८६ मध्ये कोर्सिकातील रॅलीत हेन्री तोइवोनेन आणि त्यांचे सहचालक सर्जियो क्रेस्टो यांचा मृत्यू झाला आणि ग्रुप बी या रॅलीच्या वर्गातील अतिवेगवान गाड्यांवर बंदी आली. त्यानंतर मुख्य ठरलेल्या ग्रुप ए मध्ये उतरण्यासाठी त्या मॉडेलच्या ५,००० गाड्या बनवण्याची अट होती; पुढे ती २,५०० वर आली. इतक्या गाड्या खपवायच्या, तर त्यांना चार दरवाजे, मागे बसण्याजोगी जागा आणि सामानाची डिकी असणे क्रमप्राप्तच होते. सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स आणि मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन या १९९२ मध्ये आलेल्या प्रतिस्पर्धी गाड्या याच अटीतून घडल्या. कॉलिन मॅकरे यांनी १९९५ मध्ये सुबारूतून, तर टॉमी मॅकिनेन यांनी १९९६ ते १९९९ अशी सलग चार वर्षे मित्सुबिशीतून विजेतेपद मिळवले.

मराठवाड्याचा या इतिहासाशी संबंध केवळ ग्राहक म्हणून नाही. शेंद्रा औद्योगिक वसाहतीत स्कोडाचा कारखाना २००१ मध्ये सुरू झाला, २००७ पासून तेथे ऑडीची जुळणीही होऊ लागली. मधला डिफरेन्शियल असलेली ऑडी क्यू७ आणि मागच्या आसाजवळ क्लच असलेली स्कोडा कोडियाक, अशा दोन्ही परंपरांच्या गाड्या त्याच आवारात जुळवल्या गेल्या.

समृद्धी महामार्गाच्या कोरड्या काँक्रीटवर, ताशी १२० किलोमीटरच्या मर्यादेत, या तीन रीतींतील फरक जाणवणारही नाही. तो जाणवतो पहिल्या पावसात कन्नडच्या घाटातील वळणांवर, किंवा ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातली काळी माती डांबरावर आणून टाकलेली असते तेथे. अशा रस्त्यावर ज्यांची नेहमी ये-जा असते, त्यांनी सतत चारही चाके चालवणारी, म्हणजे मधल्या डिफरेन्शियलची रचना घ्यावी, असे माझे मत आहे. वाळूज-शेंद्रा एवढीच फेरी असेल, तर क्लचची रचना पुरेशी आहे. ब्रेक लावल्यावर थांबण्याचे अंतर यांपैकी कोणत्याही रचनेने कमी होत नाही, ते टायरवर अवलंबून असते. शिवाय चारही टायरांचा घेर जवळपास सारखा राहावा लागतो. त्यामुळे खड्ड्यात एक टायर फाटला, तरी पुष्कळदा जोडी किंवा पूर्ण संच बदलावा लागतो आणि कमी उंचीच्या टायरांवर हा प्रसंग लवकर येतो. तेव्हा नोंदणीपूर्वी त्या मापाचे टायर आपल्या शहरात मिळतात का, याची चौकशी अवश्य करावी.